माळ घालू की अनुग्रह घेऊ?

वाचक भगिनीचे पत्र:

'माझे वय ४४. नोकरी करते, नाशिकला राहते. सासूबाई माळकरी, म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या वारकरी होत्या. त्या गेल्यावर त्यांचा हरिपाठ मी चालू ठेवला, त्याला आता दोन वर्षे होतील. आपणही माळ घालावी असे फार वाटते. मध्यंतरी एका मैत्रिणीने मला तिच्या महाराजांकडे नेले. ते म्हणाले, निगुऱ्याचा, म्हणजे गुरू न केलेल्याचा, जप देवाला पोचत नाही. माळ म्हणजे नुसते लाकूड, आधी अनुग्रह घ्या. गुरुपौर्णिमेला दीक्षा द्यायची, दक्षिणा २१ हजार. मंत्र आणि दक्षिणा घरात कोणालाही सांगायची नाही, यजमानांनासुद्धा नाही. मी "बरं" म्हणून आले आणि तेव्हापासून झोप नाही. आता नको म्हटले तर गुरूचा अपराध होईल का? आणि माळच घालायची ठरवली तर आमच्या घरी रविवारी मटण-मासळी असते, यजमान आणि मुलगा खातात. अशा घरात माळ चालते का? ती कोणाच्या हातून घ्यायची?'

ताई, रामकृष्णहरी.

आधी झोप उडवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर. तुम्ही दीक्षा घेतलेली नाही. त्यामुळे ते अजून तुमचे गुरू नाहीत, तुम्ही त्यांच्या शिष्या नाही, आणि जे नातेच जुळले नाही ते मोडल्याचा अपराध लागत नाही. गुरुपौर्णिमेची वाट न पाहता त्यांना कळवून टाका: 'आमच्या घरची परंपरा वारकऱ्यांची आहे, मी त्याच वाटेने जाणार आहे.' एवढे एक वाक्य पुरे. कारणे देऊ नका. पैशांची अडचण सांगितलीत तर हप्ते सुचवले जातील, यजमानांचा विरोध सांगितलात तर त्यावरही तोडगा निघेल. मैत्रिणीला मात्र स्वतः भेटून सांगा, कारण तिची श्रद्धा खरी असू शकते आणि तिला तोडायचे काहीच कारण नाही.

आता 'गुरूवाचून नाम पोचत नाही' याबद्दल. यात अर्धे खरे आहे, म्हणूनच ते मनाला लागते. वारकरी संतांनी गुरूला कमी लेखलेले नाही. तुम्ही रोज म्हणता त्या ज्ञानदेवांच्या हरिपाठात पाचव्या अभंगातच गुरूविण अनुभव कसा कळणार, असा प्रश्न आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आचार्योपासनेवर, म्हणजे गुरुसेवेवर, ज्ञानदेव थांबतात ते ओव्यामागून ओव्या थांबतात. नामदेवांचे विठ्ठलावर इतके प्रेम असूनही संतमंडळींत त्यांना कच्चे मडके ठरवले गेले आणि मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. म्हणजे गुरू लागतो. पण कशासाठी? आत जो अनुभव येतो तो खरा की मनाचा खेळ, हे दाखवायला. 'मी भक्त' हा ताठा मोडायला. आणि साधनात खंड पडला की पुन्हा उभे करायला. नाम घेण्याचा परवाना द्यायला नव्हे. त्याच हरिपाठात नाम उच्चारायला काळवेळ नाही असे स्वच्छ म्हटले आहे, आणि पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभे राहण्यापलीकडे कुठलीही अट नाही. कच्चे मडके म्हणवले गेलेल्या नामदेवांचे त्याआधीचे नामस्मरण फुकट गेले असे कोणी वारकरी म्हणणार नाही. त्याच नामाने त्यांना विसोबांच्या दारापर्यंत नेले. तुमची दोन वर्षे पोचलेली आहेत, याबद्दल शंका ठेवू नका.

मंत्र गुप्त ठेवण्याविषयी. तांत्रिक, नाथ, दत्त आणि इतर काही परंपरांत गुरुमंत्र कानात दिला जातो आणि तो बोलून दाखवत नाहीत. ती त्यांची शिस्त आहे, तिच्यात खोट नाही. वारकऱ्यांत मात्र मंत्र उघडा आहे. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला तो प्रसंग त्यांनी स्वतः अभंगांत सांगितला आहे. गुरूचे नाव सांगितले, राघवचैतन्य आणि केशवचैतन्य ही वरची परंपरा सांगितली, माघ शुद्ध दशमी आणि गुरुवार सांगितला, आणि 'रामकृष्णहरि' हा सहा अक्षरी मंत्रही सांगून टाकला. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात आपण ते विसरलो, सेवा घडली नाही, ही खंतसुद्धा त्यांनी लपवली नाही. मागितलेले पावशेर तूप राहून गेले, तरी मंत्र राहिला. समर्थ संप्रदायाचा 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्रही गावोगाव मोठ्याने म्हटला जातो.

तेव्हा एक फरक पक्का लक्षात ठेवा. मंत्र गुप्त असू शकतो. पैसा, भेटीची वेळ, भेटीची जागा आणि वागणूक गुप्त असू शकत नाही. जिथे दक्षिणेचा आकडा नवऱ्यापासून लपवायला सांगितले जाते, तिथे जपायचे असते ते दुसरेच काही.

दक्षिणा द्यायचीच नाही असे आम्ही म्हणत नाही. उपदेशानंतर शिष्याने आपखुशीने फळ, वस्त्र, शक्तीप्रमाणे द्रव्य ठेवणे ही जुनी रीत आहे. पण ती उपदेशानंतर, शिष्याच्या ऐपतीने, आणि न दिली तर उपदेश मागे घेतला जात नाही. आधी आकडा, मग तारीख, मग दीक्षा हा क्रम लागला की तो व्यवहार झाला.

गुरू पारखावा कसा, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे कधीतरी हा प्रसंग पुन्हा येईल म्हणून लिहितो. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याच्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: नमस्कार, परिप्रश्न आणि सेवा. मधली गोष्ट अलीकडे गाळली जाते. प्रश्न विचारला की 'तुमची श्रद्धा कमी पडते' असे उत्तर मिळत असेल, तर तिथे गीतेची एक तृतीयांश शिकवण वगळलेली आहे. वैष्णव आगमपरंपरेत गुरू आणि शिष्याने एक वर्ष एकमेकांच्या सहवासात राहून एकमेकांना पारखावे असे सांगितले आहे. आजच्या धावपळीत रोजचा सहवास जमत नाही, पण वर्षभर महिन्यातून दोनदा तरी सत्संगाला जावे आणि डोळे उघडे ठेवावेत. त्यांचा स्वतःचा नेम दिसतो का? त्यांचे गुरू कोण, हे ते आपण होऊन सांगतात का? जुने शिष्य शांत झालेत की नुसते दबलेत? एखादा शिष्य सोडून गेला तर त्याच्याबद्दल काय बोलले जाते? शेवटच्या प्रश्नाने फार काही कळते. सोडून गेलेल्यांच्या अपघातांच्या आणि आजारपणांच्या गोष्टी जिथे सांगितल्या जातात, तिथे भीतीवर मंडळी टिकवलेली असतात.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षण आणि शिष्यलक्षण असे स्वतंत्र समास घातले आहेत. ते दोन्ही एका बैठकीत वाचून होतात, जरूर वाचा. जो शिष्याला साधनाला लावत नाही, इंद्रियदमन करायला लावत नाही, असे गुरू आडक्याला, म्हणजे कवडीमोलाने, तीन मिळाले तरी टाकून द्यावेत, इतके परखड त्यांनी तिथे लिहिले आहे. म्हणजे गुरू सोडणे हे पाप, असा धाक समर्थांनी घातलेला नाही. चमत्कार दाखवतो का, हा त्यांचा निकषच नाही. साधन करून घेतो का, हा आहे.

आणखी काही गोष्टी अशा आहेत की तिथे वर्षभर थांबायचीही गरज नाही. एकटीला खोलीत बोलावणे, रात्री-बेरात्री विधी, अंगाला स्पर्शाचा आग्रह, कोऱ्या कागदावर सही, डॉक्टरांचे औषध बंद करायला सांगणे. यांतले एकही दिसले की उठून यावे. दैवी शक्तीचा दावा करून भीती घालणे, फसवणे किंवा लैंगिक शोषण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. याच कायद्यात हरिपाठ, कीर्तन, भजन, यात्रा यांना धक्का लागणार नाही असेही नमूद आहे, त्यामुळे हा कायदा भक्तीच्या विरोधात आहे या प्रचाराला बळी पडू नका.

आता माळेकडे येऊ.

माळ हा वारकऱ्यांचा अनुग्रहच आहे, पण त्यात माणसापेक्षा नेम मोठा. माळ देणारा बहुधा स्वतःला गुरू म्हणवत नाही. तो साक्षीदार असतो, आणि गुरुस्थानी ज्ञानोबा-तुकोबा. तुमच्याकडून अपेक्षा असते ती अशी: रोज हरिपाठ, सवडीप्रमाणे ज्ञानेश्वरी, गाथा किंवा भागवताचे वाचन, दोन्ही पक्षांतल्या एकादशा, वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी, आणि जमेल तेव्हा आळंदीची, मांस, मासळी, अंडी आणि दारू कायमची बंद, खोटे आणि परनिंदा टाळणे, आणि भेटेल त्याच्यात विठ्ठल पाहून पाया पडणे. यांतले शेवटचे दोन सर्वांत कठीण आहेत आणि त्यांचीच चर्चा सर्वांत कमी होते.

माळ मोडते कुठे, ते आधी समजून घ्या. सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी कीर्तन रंगलेले असते, डोळे भरून येतात, शेजारची घालते म्हणून आपणही घालतो. तीन-चार महिन्यांनी ऑफिसची सहल, लग्नातले सूप, वाढदिवसाचा अंड्याचा केक, एकादशीला आलेली ऑडिट, असे काहीतरी आडवे येते. एकदा चुकते, मनाला लागते, आणि त्या अपराधीपणात माळ काढून देवघरात ठेवली जाते. श्रद्धा कमी होती म्हणून असे होत नाही. नेम आधी अंगवळणी पडलेला नव्हता म्हणून होते.

म्हणून आमचा सल्ला असा, की माळ न घालता माळकऱ्यासारखे एक वर्ष राहून बघा. दोन वर्षांचा हरिपाठ तुमच्या पदरी आहेच. सत्तावीस अभंगांना सावकाश म्हटले तरी अर्धा तास पुरतो. त्याला वेळ एकच ठरवा, संध्याकाळी दिवेलागणीची धरलीत तर उत्तम, आणि नोकरीमुळे चुकली तर झोपण्याआधी म्हणा, पण दिवस कोरा जाऊ देऊ नका. ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९ हजार ओव्या आहेत. रोज २५ वाचल्यात तर वर्षभरात पारायण पुरे होते. अर्थ कळला नाही म्हणून अडू नका, सार्थ प्रत घ्या आणि पुढे जा. जप करायचा असेल तर एका माळेला चार मिनिटे लागतात. सुरुवातीला तीन माळा पुरेत. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, आणि तर्जनी लावायची नाही. जपाची माळ वेगळी ठेवा. गळ्यातली ओढून जप केला की दोरा लवकर झिजतो.

एकादशा वर्षाला २४ येतात, अधिक महिना असला तर २६. उपवास धान्याचा करायचा, आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीला पारणे. निर्जळी करण्याचा हट्ट नको. दिवसभर साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे खाऊन रात्री पित्त होते आणि मग 'मला एकादशी सोसत नाही' असे ठरते. सोसत नाही तो साबुदाणा. फळे, ताक, राजगिरा, थोडी वरई अशी एकादशी करून बघा. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारून उपवास बेतायचा, गोळी चुकवायची नाही.

या वर्षात एखादी शुद्ध एकादशी धरून पंढरपूरला जाऊन या. आषाढी-कार्तिकीला पददर्शनाच्या रांगेत पुष्कळ तास जातात, पहिल्या खेपेला ते झेपत नाही. साध्या महिन्याच्या एकादशीला चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, चोखोबांची समाधी, नामदेव पायरी, विठ्ठल-रखुमाई आणि नगरप्रदक्षिणा हे सगळे निवांत होते. रांग फार असली तर कळसाचे दर्शनही वारकरी दर्शनच मानतात.

घरातल्या मटण-मासळीचा प्रश्न तुम्हाला सर्वांत अवघड वाटतो आहे, पण तो तुमच्या एकटीचा नाही, असंख्य माळकरी बायकांचा आहे. नेम तुमच्या जिभेचा आहे, यजमानांच्या नाही. तुम्ही माळ घातली म्हणून त्यांच्यावर पथ्य लादलेत तर घरात विठ्ठलाऐवजी भांडण येईल. आधी त्यांच्याशी बोला. रविवारचे त्यांनी स्वतः शिजवावे, बाहेरून आणावे किंवा बाहेर खावे. भांडी, सुरी, पाटी आणि फ्रिजमधला कप्पा वेगळा करावा. तुमचा हरिपाठ त्याआधी उरकावा. हाताने शिजवून वाढले तर चालते का, याबद्दल फडाफडांत, म्हणजे वारकऱ्यांच्या वेगवेगळ्या परंपरागत मंडळ्यांत, एकमत नाही. काही ठिकाणी ते चालवून घेतात, काही ठिकाणी स्पष्ट नको म्हणतात. म्हणून माळ देणाऱ्याला हे आधीच उघड विचारा आणि त्यांच्या उत्तराप्रमाणे ठरवा. न विचारता घेऊन नंतर कुढत बसणे वाईट. कांदा-लसणाची वारकऱ्यांत सरसकट बंदी नाही. पुष्कळ जण चातुर्मासात सोडतात, तेवढे पुरे.

बाईला माळ घ्यायला कोणाची परवानगी लागते का? शास्त्राची लागत नाही. मुक्ताबाई या चांगदेवांच्या गुरू. संत बहिणाबाईंनी ब्राह्मण घरातून, नवऱ्याचा रोष सोसून, तुकोबांना गुरू मानले. घरात सांगून-सवरून घ्या असे आम्ही म्हणतो ते फक्त नेम टिकावा म्हणून. मासिक पाळीत किंवा सुतकात माळ काढायची नसते. विटाळाच्या कल्पनेला चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी त्यांच्या अभंगात जे उत्तर दिले आहे (देहाला विटाळ म्हणतात, पण आत्मा निर्मळ), त्यानंतर या विषयावर वारकऱ्याने वेगळे काही बोलायची गरज उरत नाही.

कोणाकडून घ्यावी? सासूबाई कुठल्या दिंडीबरोबर जात, हे घरातल्या जुन्या मंडळींना विचारा. त्या दिंडीचे विणेकरी, फडकरी किंवा तिथले वयाने जुने माळकरी हे तुमच्यासाठी सर्वांत जवळचे. फडाकडून माळ घेतली की तुम्ही त्या फडाच्या होता, वारी त्यांच्याबरोबर करायची असते. म्हणून ज्यांच्याबरोबर चालणे खरेच जमेल त्यांच्याकडूनच घ्या. असे कोणी सापडले नाही, तर तुमच्या भागात रोज हरिपाठ होतो त्या विठ्ठल मंदिरातल्या ज्येष्ठांना सांगा.

जागा मात्र तुमच्या उशाशी आहे. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. ज्ञानदेवांना ज्यांनी उपदेश केला ते हे थोरले भाऊ, म्हणजे वारकऱ्यांच्या गुरुपरंपरेचा उगम तुमच्या जिल्ह्यात. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाट चुकलेल्या या मुलाला गहिनीनाथांनी गुहेत अनुग्रह दिला असे परंपरा सांगते. ना मुहूर्त ठरला होता, ना दक्षिणा. पौष वद्य एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते आणि ठिकठिकाणच्या दिंड्या येतात. वर्षभर नेम टिकला तर त्या दिवशी किंवा, गर्दी नको असेल तर, दुसऱ्या कुठल्याही एकादशीला तिथे माळ घ्या.

सोबत १०८ मण्यांची तुळशीची माळ, नारळ, बुक्का, हार आणि तुळशीची पाने एवढेच न्यायचे. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात किंवा समाधीला, विठ्ठलाच्या पायांना लावतात. माळ देणारे नेम सांगतात, तुम्ही तो मान्य आहे म्हणायचे, मग ते गळ्यात माळ घालतात, कपाळी बुक्का लावतात, तिघा-चौघांत 'रामकृष्णहरी' होते आणि एकमेकांच्या पाया पडणे होते. पंधरा मिनिटांत सगळे आटोपते. नेम सांगताना न झेपणारे काही आले तर तिथेच बोला. ऐनवेळी मान डोलावून टाकणे ही नेहमीची चूक.

माळ घेताना मणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग उतरला तर ते रंगवलेले दुसरे लाकूड. तुळशीचे मणी हलके असतात, भोके बारीक असतात आणि सगळे मणी तंतोतंत सारखे नसतात. दोरा सुती, पक्का, मधे गाठी असलेला घ्या, म्हणजे तुटला तरी सगळे मणी ओघळत नाहीत. साबण आणि अत्तराने लाकूड तडकते. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

माळ तुटणे हा अपशकुन नाही, दोरा झिजलेला असतो. पुष्कळ माळकरी माळ पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्न घेत नाहीत, म्हणून एक जादा माळ घरात आणि एक ऑफिसच्या पिशवीत ठेवायची. मणी गोळा करून ओवून घ्या. हरवले तेवढे नवे घाला. नेमात चूक झाली, चुकून केकमध्ये अंडे पोटात गेले, तरी माळ काढायची नाही. स्नान, हरिपाठ, देणाऱ्या ज्येष्ठांच्या कानावर घालणे, आणि नेम पुढे चालू. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर माळ काढायला सांगतील. तेव्हा ती मनगटाला बांधता येईल का विचारा, नाही तर जवळच्या माणसाच्या हाती द्या आणि शुद्धीवर आल्यावर परत घाला. तारेत ओवलेली माळ एमआरआयच्या खोलीत चालत नाही. सुती दोऱ्याची असेल तर आधी विचारून गळ्यात ठेवता येते.